मदत हवी आहे: एकाच मशीनवर पायथॉन ३.८ आणि ३.१२

नमस्कार मंडळी. नागपूरला मानेवाड्यातल्या आमच्या अभ्यासिकेत संध्याकाळी मी कॉलेजच्या पोट्ट्यांना पायथॉन शिकवते. कॉम्प्युटर मोजकेच, सगळ्यांवर उबुंटू २४.०४ ही लिनक्स सिस्टीम, म्हणजे तिच्यासोबत येणारं पायथॉन ३.१२. एक गट कळमना बाजारातल्या संत्र्यांच्या भावाचे आलेख काढतो. त्यांचं व्हेन्व (प्रोजेक्टपुरती पॅकेजेस वेगळी ठेवणारं फोल्डर) छान चाललंय. व्हेन्वबाहेर थेट पिप (पॅकेजेस बसवणारी कमांड) चालवलं की उबुंटू अडवतं, आणि ते बरोबरच आहे, कारण सिस्टीमची स्वतःची कामं त्याच पायथॉनवर चालतात. ती अडवणूक मोडून काढायचा सल्ला कृपया नको.

अडचण दुसऱ्या गटाची आहे. संत्र्याच्या पानांवरचे रोग ओळखणारा सीनियर मुलांचा प्रोजेक्ट त्यांना पुढे न्यायचाय. तो ३.८ वर लिहिलेला, त्यातली मशीन लर्निंगची लायब्ररी टेन्सरफ्लोही त्या काळची. ३.१२ मध्ये पॅकेजेस बांधायचं जुनं मॉड्यूल डिस्टयूटिल्स उरलं नाही, म्हणून जुनी पॅकेजेस बसत नाहीत. व्हेन्व तर ज्या पायथॉनने बनवलं तेच वापरतं, दुसरी आवृत्ती आणून देत नाही. नव्या आवृत्तीवर नंतर नेऊच, पण आधी जुने निकाल जसेच्या तसे मिळायला हवेत.

मग पायथॉनच्या वेगवेगळ्या आवृत्त्या सांभाळायला कोणतं साधन घेऊ: पायएन्व्ह, कोंडा की यूव्ही? पायएन्व्ह पायथॉन सोर्स कोडमधून बांधतं, यूव्ही तयार उतरवतं, म्हणून माझा कल यूव्हीकडे आहे. पण प्रत्येक मुलाचं लॉगिन वेगळं. यूव्हीचा कॅशे (उतरवलेल्या फाइलींचा साठा) सगळ्यांत सामायिक ठेवता येतो का, परवानग्या कशा लावायच्या? आणि इथलं नेट फार हळू आहे. पॅकेजेस एकदाच उतरवून पेनड्राइव्हने सगळ्या मशीनवर बसवलेत का कुणी? व्हेन्वचं फोल्डर तसंच उचलून चालत नाही, आतले पाथ पक्के असतात, एवढं ठाऊक आहे.

प्रत्यक्ष लॅब सांभाळणाऱ्यांनी जरूर सांगा, राजेहो.