मदत हवी आहे: गाव बाल संरक्षण समितीचा कारभार फक्त कागदावर, तक्रार नेमकी कुणाकडे करायची?

नमस्कार मंडळी,

मी बीड जिल्ह्यातल्या एका लहान गावात राहते. जूनमध्ये गाव बाल संरक्षण समितीत माझं नाव घातलं गेलं. विचारलं नव्हतं, नुसतं कळवलं. सरपंच अध्यक्ष, अंगणवाडीताई सचिव. मी रजिस्टर मागितलं. वर्षभरात चार बैठका, चारही एकाच निळ्या पेनाने लिहिलेल्या, 'विषय चर्चेअंती मंजूर' आणि खाली सह्या. त्यात माझ्या सासूबाईंचीही झोकदार सही आहे. त्या अंगठा लावतात!

हसू येतं, पण खरी अडचण पुढे आहे. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतील. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेली, त्यामुळे आई-बाप जाणारच, आणि मागे सांभाळायला कुणी नसलं की पोरंही उसाच्या फडावर. गेल्या जानेवारीत मी शाळेत डोकावले तर चौथीत सात मुलं बसलेली होती, हजेरीत एकोणीस हजर. सलग महिनाभर गैरहजर राहिलं की मूल शाळाबाह्य धरतात, म्हणून कुणाला ते लिहायचं नसतं. आणि मुलं कागदावर हजर, मग मागे राहणाऱ्या मुलांच्या जेवणाखाण्याची सोय करणाऱ्या हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव कशाला पाठवायचा?

एक जण म्हणतो बालहक्क आयोगाकडे जा, दुसरा म्हणतो थेट युनोला लिहा. मी एकटी सदस्य तक्रार करू शकते का? अंगणवाडीताईवर मात्र बालंट यायला नको, ती बिचारी सांगतील तिथे सही घेते.

प्रतिसाद १

ताई, युनोचं राहू द्या. युनोची बालहक्क संहिता भारताने १९९२ साली स्वीकारली, त्यापोटी सरकार अहवाल पाठवतं आणि तिथली समिती शिफारशी करते. एकट्यादुकट्याच्या तक्रारी घेण्याचा जो वेगळा करार आहे, तो आपण स्वीकारलेलाच नाही.

तुमचं हत्यार २००९ चा शिक्षण हक्क कायदा. स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना शाळेत प्रवेश मिळवून देणं ही कलम ९ नुसार स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे. कलम ३२ खाली त्याच्याकडेच लेखी तक्रार करता येते, कुणीही, समितीत असो वा नसो. तुमच्याकडे म्हणजे जिल्हा परिषद. तीन महिन्यांत निकाल द्यावा लागतो. नाही पटला तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील. २००५ च्या कायद्याने आयोगाला चौकशीसाठी दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, समन्स काढून कागद मागवता येतात. शिक्षा मात्र तो स्वतः करत नाही, शिफारस करतो. फार आशा धरू नका, पण आयोगाचं पत्र आलं की फाईल हलते, हे मी पाहिलंय.

तक्रारीत रजिस्टरचा विषयच काढू नका, म्हणजे अंगणवाडीताईंवर बालंट येणार नाही. फक्त एवढंच लिहा: अमुक इतकी मुलं दसऱ्यानंतर जाणार, ही त्यांची यादी, वसतिगृह हवं.

प्रतिसाद २

यादी आत्ताच करा, टोळी हलायच्या आत. घरोघर फिरून मुलाचं नाव, इयत्ता, कोणत्या साखर कारखान्याला जाणार आणि घरी आजी-आजोबा आहेत का, एवढं वहीत लिहा. जी पोरं तरीही जातील त्यांच्यासाठी मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या, ते दाखवलं की कारखान्याजवळच्या शाळेत बसता येतं. फडावर एखादं मूल फारच अडचणीत दिसलं तर मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८, फोन फुकट लागतो.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. काल चौदा घरं फिरले, तेवीस नावं झाली. नऊ घरांत म्हातारी माणसं मागे राहणार आहेत, म्हणजे जेवणाची सोय झाली तर तिथली पोरं थांबतील. जिल्हा परिषदेत अर्ज घेऊन गेले तर टेबलावरचे साहेब म्हणाले, "ठेवून जा, पोच कशाला?" आता?

प्रतिसाद १

ठेवू नका. स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती वहीला चिकटवा. तीन महिने अर्ज तिथे पोचल्याच्या तारखेपासून मोजा.