विधानसभेसाठी तालुक्यातून कोणाचे नाव पाठवावे?

गिरणाकाठ
आमचा मतदारसंघ जळगाव जिल्ह्यातला आणि खुल्या प्रवर्गातला आहे. २०२९ला अवकाश असला तरी इच्छुकांची चर्चा रंगली आहे आणि ती तीन नावांवर येऊन अडकली आहे. पहिले जिल्हा परिषदेचे माजी सदस्य. पीकविम्याची आणि जळालेल्या रोहित्राची गाऱ्हाणी घेऊन सकाळपासून त्यांच्या ओट्यावर माणसे बसलेली असतात, पण गाठीला पैसा नाही. दुसरे जिनिंगवाले, बाजार समितीचे माजी सभापती. खर्चाची फिकीर नाही, मात्र तीन पक्ष फिरून आलेले. तिसऱ्या एका माजी आमदारांच्या सूनबाई. घराण्याची ओळख गावोगाव आहे, पण स्वतः एकही निवडणूक लढलेल्या नाहीत. निकष कोणता लावावा?

सातपुडा
मागच्या निवडणुकीचा नमुना २० काढून तो वाचण्यापासून सुरुवात करावी. त्यात प्रत्येक मतदान केंद्रावर कोणाला किती मते पडली हे मिळते, त्यामुळे पक्ष नेमका कोठे मागे पडला ते गावाच्या नावासह कळते. सभेतल्या गर्दीवरून हे कधीच कळत नाही. नगरपालिकेचे शहर जिल्हा परिषदेच्या गटात येत नाही, म्हणजे सदस्यांनी शहरात अजून मत मागितलेलेच नाही. सभापतींचे तर त्याहून अवघड आहे. बाजार समितीला मत देतात ते सोसायट्यांचे संचालक, ग्रामपंचायत सदस्य, अडते-व्यापारी आणि हमाल-मापाडी. तेथे जिंकलेला माणूस सामान्य मतदाराला चालतोच असे नाही.

केळीचे खोड
वरील मुद्दा मान्य आहे, पण आपल्याकडे जागा बहुधा घरभेदाने जाते. २०१९ साली मुक्ताईनगरला भाजपने १९९०पासूनचे आमदार एकनाथ खडसे यांच्याऐवजी त्यांच्या कन्या रोहिणी यांना उमेदवारी दिली. युतीतल्या शिवसेनेचे चंद्रकांत पाटील अपक्ष उभे राहिले, राष्ट्रवादीने त्यांना पाठिंबा दिला आणि ते दोन हजारांहूनही कमी मतांनी निवडून आले. अमळनेरने तर २००९ आणि २०१४ अशी सलग दोनदा अपक्षालाच पसंती दिली. म्हणून नाव पाठवण्यापूर्वी उरलेल्या दोघांना समोरासमोर बसवून, तिकीट मिळाले नाही तर काय करणार, हे विचारावे. माझा अंदाज असा की सभापतींचे उत्तर गोलमोल येईल, आणि तेच उत्तर समजावे.

पांझरा
पैशाचा बाऊ थोडा कमी करावा. विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा सध्या ४० लाखांची आहे. प्रत्यक्षात काय चालते हे सर्वांना ठाऊक असले तरी कार्यकर्ते स्वखुशीने फिरणार असतील तर गाड्या आणि जेवणावळींचा मोठा भार हलका होतो. तिघांवरील गुन्ह्यांची माहिती मात्र आधीच लेखी घ्यावी, कारण गुन्हे प्रलंबित असलेला उमेदवार दिल्यास तो का निवडला याची कारणे पक्षाला जाहीर करावी लागतात. सूनबाईंविषयी एवढेच विचारीन, की लोकांचा फोन त्या स्वतः उचलतात की सासरे?

गिरणाकाठ
फोन बहुतेक वेळा सासरेच उचलतात. नमुना २० मिळवून शहरातली केंद्रे आधी पाहतो. सदस्यांना तेथे चार महिने फिरायला सांगावे आणि मगच त्यांचे नाव वर पाठवावे, असा माझा कल आहे.