मुलीच्या हरण्यावर लिहिलेला लेख पुस्तकात घ्यावा का?

प्रश्न : आर्वीकडचा शेतकरी-लेखक

सर्वांना नमस्कार. वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यात माझी कोरडवाहू शेती आहे आणि बऱ्याच वर्षांपासून मी ललित लेखन करतो. चौदा लेखांचे पुस्तक जानेवारीअखेर प्रकाशकाकडे द्यायचे आहे. त्यांपैकी तीन लेख माझ्या मुलीविषयी आहेत आणि त्यांतल्या एकावरून घरात जे घडले, त्यामुळे माझे मन स्थिर नाही.

मुलगी दहावीत आहे आणि शाळेच्या खो-खो संघात खेळते. मागच्या वर्षी सप्टेंबरात 17 वर्षांखालील मुलींचे तालुका पातळीवरील सामने झाले. शेवटच्या डावात समोरच्या संघाला विजयासाठी एकच गडी बाद करायचा होता. मुलीच्या तुकडीतील दोघी आधीच बाद झाल्या होत्या, ती एकटी पळत होती, आणि वेळ संपायला अर्धे मिनिटही उरले नसताना ती खांबाजवळ बाद झाली. त्याच आठवड्यात, सोयाबीन सोंगणीला आलेले असताना, आमच्याकडे सलग चार दिवस पाऊस झाला आणि शेंगांतच दाण्यांना कोंब फुटले. उन्हाळ्यात लिहायला बसलो तेव्हा या दोन्ही गोष्टी मनात एकत्र आल्या. ऐन वेळी ती घाबरली, तिचे पाय थिजले, आणि पाणी साचलेल्या शेताच्या धुऱ्यावर उभा असताना माझेही पाय तसेच थिजले होते, असे मी लिहिले. लेख दिवाळी अंकात आला. कौतुकाची पत्रे आली. एका शिक्षकांनी, अगदी चांगल्या हेतूने, तो तिच्या वर्गात वाचून दाखवला.

त्या दिवशी घरी आल्यावर ती काही बोलली नाही. रात्री जेवताना म्हणाली, "बाबा, थे माह्यं हारणं होतं. तुमी थे तुमच्या सोयाबीनले लावलं." त्यानंतर आठ दिवस ती सकाळच्या सरावाला गेली नाही. चुलीपुढचे बोलणे लोकांच्या ओट्यावर गेले आणि आता ते परत आणता येणार नाही, असे तिच्या आईचे म्हणणे आहे.

लेखक मित्रांना विचारले तर उत्तरे अगदी परस्परविरुद्ध मिळतात. फेब्रुवारी 2023 मध्ये वर्ध्याला 96 वे साहित्य संमेलन झाले, तेव्हा आम्ही चार-पाच जण मंडपाबाहेर बसलो होतो. त्यांतले एक ज्येष्ठ लेखक म्हणाले की ज्याला घरच्यांची भीती वाटते त्याने हिशेबाच्या वह्या लिहाव्यात. तेव्हा मला ते इतके पटले की मी ते वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवले. याउलट माझ्या एका मित्राने, भावांमधील हिस्सेवाटणीचा वाद वाढेल या काळजीने, पूर्ण झालेली कादंबरी आठ वर्षांपासून पेटीत ठेवली आहे. तोही माझ्या लेखी तितकाच खरा लेखक आहे. घराविषयी लिहिणारे आपण सर्व जण ही मर्यादा कशी ठरवता? हे तीन लेख मी पुस्तकात घ्यावेत का?

उत्तर : वणीची कथालेखिका

दादा, मी सासरच्या माणसांवर लिहिते, त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही. माझ्या सासूबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्यावरची पहिली कथा मी त्यांना न सांगता छापली आणि पुढचे काही महिने, त्यांच्या ताटात वाढतानासुद्धा, मला त्यांच्याकडे सरळ पाहवले नाही. दुसरी कथा मात्र मी त्यांना दुपारी, कापसाच्या ढिगाजवळ बसून, पूर्ण वाचून दाखवली. कथेतील सासू सुनेला घालून-पाडून बोलते, याचा त्यांना राग आला नाही. राग आला तो ती वेचणीला आलेल्या बायांना चहा देत नाही या वाक्याचा. "मी कधी कोणाले बिनचहाचं जाऊ देलं?" असे त्यांनी विचारले, आणि ते खरेच होते. मी ते वाक्य केवळ कंजूषपणा दाखवण्यासाठी रचले होते. ते काढल्यावर कथेतील सासू अधिक खरी झाली.

तेव्हापासून ज्याच्यावर लिहिले त्याला छापण्याआधी वाचून दाखवायचे, हा माझा नेम आहे. या नेमामुळे माझ्या दोन कथा कायमच्या मागे राहिल्या आणि त्यांचे मला दुःखही आहे. पण मोठ्या माणसाला निदान नाही म्हणता येते. पंधरा वर्षांच्या मुलीला बापाच्या छापून आलेल्या लेखापुढे काय म्हणता येणार? आपल्या मुलीने तरीही ते म्हटले, आणि फार नेमके म्हटले. तिचे ते वाक्य आपल्या लेखातील कोणत्याही वाक्याहून चांगले आहे, असे मी मनापासून सांगते.

उत्तर : क्रीडाशिक्षक, दर्यापूर

सर, मला साहित्यातले फारसे कळत नाही, परंतु खो-खोमधले थोडे कळते, आणि आपल्या लेखातील अडचण मला तिथे दिसते. मैदानावर आठ मुली मध्यपाटीवरच्या आठ चौकोनांत एकीआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेल्या असतात. नववी, म्हणजे पाठलाग करणारी, एकदा एका दिशेला निघाली की खांबापर्यंत तिला मागे वळता येत नाही आणि मध्यपाटीही ओलांडता येत नाही. पळणारीला मात्र बसलेल्या दोघींच्या मधून हवे तेव्हा पलीकडे जाता येते. तिचा सारा बचाव या मोकळिकीवर उभा असतो. खांबापलीकडच्या मुक्त क्षेत्रात पाठलाग करणारीवरचे बंधन सुटते, ती कोणत्याही बाजूला वळू शकते, आणि खांबाचा आधार घेऊन सूर मारू शकते. म्हणून चांगला संघ एकट्या उरलेल्या मुलीला झटपट खो देत-देत खांबाकडे रेटत नेतो. खांबापूर्वीच्या शेवटच्या दोन चौकोनांच्या मधून ती वेळेवर आत वळली तर वाचते. अर्धा क्षण उशीर झाला तर सापडते.

आपण जे वर्णन केले आहे त्यावरून आपली मुलगी घाबरली नव्हती, तिचा अंदाज चुकला होता. या दोन गोष्टींत खेळाडूच्या दृष्टीने फार मोठे अंतर आहे. अंदाज सरावाने सुधारतो. 'घाबरली' हा शब्द एकदा वर्गात वाचला गेला की तो मुलीला चिकटतो, आणि पुढच्या प्रत्येक सामन्यात तिला प्रतिस्पर्ध्यांच्या आधी त्या शब्दाशी झुंजावे लागते. आपण तिच्या जागी उभे राहून न पाहता सीमारेषेबाहेरून, बापाच्या काळजीने पाहिले, म्हणून आपल्याला भीती दिसली. यात मी आपल्याला दोष देत नाही. कारण माझ्या मैदानावर येणारे बहुतेक पालक तेच पाहतात.

आणखी एक सांगतो. मी अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलो. 1914 साली स्थापन झालेल्या त्या संस्थेचे पथक 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आले, ही हकीकत आम्ही विद्यार्थी मोठ्या अभिमानाने ऐकत असू. परंतु आमच्या खेड्यातल्या मुली सोयाबीनच्या हंगामात सकाळी सहाला सराव करतात, आठला सोंगणीला जातात, संघातल्या काही मुली मजुरीमुळे सामन्याला येऊ शकत नाहीत आणि उरलेल्या नऊ जणी राखीव खेळाडूंशिवाय उतरतात, हे लिहिणारे मला कोणी भेटलेले नाही. आपल्या शेतात जे झाले ते त्या मैदानावरही होतेच. त्यासाठी उपमा करण्याची गरज नव्हती. लेख काढून टाकू नका. तो मुलीला सोबत घेऊन पुन्हा लिहा.

उत्तर : लाखनीजवळचा धानउत्पादक

मी लेखक नाही, लेखकाचा मुलगा आहे. आमच्या भंडारा जिल्ह्यात दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, रात्री नाटक असते आणि काही गावांत दिवसा कबड्डीचे सामनेही होतात. मी बारा वर्षांचा असताना अशा एका सामन्यात पहिल्याच चढाईत माझी पकड झाली आणि मी रडलो. बाबांनी त्यावर कथा लिहिली. गावातली मुले मला वर्षानुवर्षे त्या कथेतल्या पोराच्या नावाने हाक मारत, आणि मी कबड्डी सोडली ती कायमची.

बाबांना जाऊन आता सहा वर्षे झाली. मागच्या रोवणीच्या दिवसांत, पावसाने घरी अडकलो असताना, ती कथा मी प्रथमच शेवटपर्यंत वाचली. मैदानावर टाकलेली फक्कीची पांढरी रेघ, माझ्या गुडघ्याला लागलेली माती आणि ती पुसताना माझ्या आईने वापरलेला तिचा पदर, हे सारे त्यात होते. आई मी तेरा वर्षांचा असतानाच गेली. तो पदर मला दुसरीकडे कोठेही सापडला नसता. बाबांनी लिहिले ते बरे केले की नाही, हे मला आजही ठरवता येत नाही. त्यांनी मला एकदा विचारले असते तर बरे झाले असते, एवढेच मी सांगू शकतो.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. लाखनीच्या भाऊंचे उत्तर मी पत्नीला वाचून दाखवले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने ते पुन्हा वाचायला सांगितले.

रविवारी तिन्ही लेख मुलीपुढे ठेवले. पहिला, तिच्या आजारपणावरचा, तिला नको आहे. तो मी काढला आहे. दुसरा, तान्ह्या पोळ्याला तिने लाकडी बैल सजवल्याचा, तिला आवडतो. तिसरा घेऊन ती अंगणात गेली, काडीने मातीत आठ चौकोन आखले आणि शेवटच्या दोन चौकोनांमधली जागा मला दाखवली. सरांनी लिहिले ते अगदी बरोबर आहे. मी त्या दिवशी सीमारेषेबाहेर उभा होतो तेथून ती जागा दिसतच नव्हती, खांबाची फक्त एक बाजू दिसत होती.

सोयाबीनचा भाग मी वेगळा केला आहे; त्याचा स्वतंत्र लेख होईल. सामन्याच्या पानावर तिने पेन्सिलीने 'घाबरली' हा शब्द खोडला आहे आणि त्याच्या वर 'उशिरा वळली' असे लिहिले आहे.