'स्लीव्हलेस' ब्लॉकला काय म्हणाल?

उंबरठा: शेव्हरोले व्हेगा या १९७१ च्या अमेरिकी मोटारीवरचा लेख मराठीत आणतेय. चार सिलिंडर, २.३ लिटर, ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य ठोकळा, ॲल्युमिनियमचा आणि आत लायनरच, म्हणजे सिलिंडरच्या आत बसवायच्या वेगळ्या नळ्याच, नाहीत. मी 'बिनअस्तराचा ठोकळा' लिहिलं. संपादक म्हणाले, "इंजिन आहे की परकर?" सुचवा काहीतरी.

पाना-पक्कड: अस्तर कसलं, स्लीव्ह म्हणा. बाबांचं इंजिन बोअरिंगचं दुकान होतं. आईच्या फ्रीजमध्ये कोथिंबिरीशेजारी स्लीव्ह गार व्हायला ठेवलेल्या असत. तापवलेल्या ब्लॉकमध्ये मग त्या अल्लाद उतरायच्या. याला 'स्लीव्ह मारणे' म्हणतात.

जुना बोरू: अल्लाद उतरते, तर 'मारणे' का? मराठीत 'पुंगळी' आहे, 'दट्ट्या' आहे, 'नळकांडं' आहे. वापरायची लाज वाटते, एवढंच.

पाना-पक्कड: बोरूकाका, दट्ट्या सायकलच्या पंपाचा. 'दट्ट्याला चरे पडलेत' म्हटलं तर गिऱ्हाईक गाडी घेऊन पळेल.

उंबरठा: अहो, इथे पुंगळीच नाहीये! मिश्रधातूत १७ टक्के सिलिकॉन. बोअरच्या, म्हणजे पिस्टन फिरतो त्या पोकळीच्या, आतलं ॲल्युमिनियम रसायनानं किंचित खाऊन टाकायचं, मग सिलिकॉनचे टणक कण वर राहतात आणि लोखंडाचा मुलामा दिलेला पिस्टन त्यांच्यावर फिरतो. या प्रक्रियेला मी 'खरवड' म्हटलंय.

शेंगदाणा: खरवड पातेल्याच्या तळाची! पाट्याला टाकी लावतात ना, तसं 'टाकी लावलेलं बोअर' म्हणा.

जुना बोरू: टाकी छिन्नीनं लावतात. पण शब्द झकास.

पाना-पक्कड: छिन्नी ऐकून माझ्या बोटात कळ आली. बरं, हेड, म्हणजे ब्लॉकवरचं झाकण, कशाचं होतं?

उंबरठा: बिडाचं. ब्लॉक ॲल्युमिनियमचा, तो तापला की बिडापेक्षा जास्त फुगायचा. इंजिन फार तापलं की बोअर वाकडे. पुढे दुरुस्तीत लोक त्यात स्लीव्हच घालू लागले.

पाना-पक्कड: बघा, शेवटी मारलीच.

शेंगदाणा: 'बीड' शब्द बीड गावावरून आला का? मामा तसं छातीठोक सांगायचा.

जुना बोरू: मामाला नमस्कार सांगा. गावाचा आणि धातूचा काही संबंध नाही.

शेंगदाणा: तुमच्याकडे पुरावा आहे का? आमच्याकडे बिडाचा तवा आहे, आजीचा. घावन सुटताना आवाजसुद्धा होत नाही.

पाना-पक्कड: नवा तवा तेल लावून तापवतात, त्याला काय म्हणता? आमच्याकडे 'मुरवणे'.

उंबरठा: उद्या सकाळी लेख द्यायचाय हो…

जुना बोरू: 'मुरवणे' लोणच्याला. तव्याला दुसरा शब्द होता, आठवला की सांगतो.