तीस-पस्तीस हजाराच्या गावाची टीम देशाच्या टॉप लीगमध्ये टिकते कशी? आइस हॉकी कळणारं कोणी आहे का इथे

सुदामानगरवाला:
नमस्कार मंडळी, मुलगा सध्या स्वीडनमधे उमेओला शिकून राहिलाय आणि तिथून शंभरेक किलोमीटरवरच्या ओर्नशोल्डस्विक गावच्या मोदो नावाच्या टीमचं त्याला वेड लागलंय, फोन केला की परीक्षेचं विचारायच्या आधी मॅचचं ऐकावं लागतं. आता गाव म्हणजे वस्ती ३३ हजाराच्या आसपास, आपल्या एका कॉलनीत भरतील एवढी माणसं. तरी यांनी १९७९ आणि २००७ ला देशाची चॅम्पियनशिप मारलीये म्हणे! स्टॉकहोमवाल्यांसमोर हे उभे कसे राहतात, पैसा कोण घालतो? आणि एवढे भारी होते तर २०२५ ला खालच्या लीगमध्ये कसे गेले? मला क्रिकेटपलीकडे काही कळत नाही, त्या हिशोबाने सांगा.

बर्फातला_भिया:
काका मी नोकरीला तिकडेच होतो, ओविकला (म्हणजे ओर्नशोल्डस्विकच, पूर्ण नाव कोणी घेत नाही) मॅच बघायला जायचो म्हणून सांगतो. पहिली गोष्ट, तिथे आयपीएलसारखा मालक नसतो. स्वीडनमध्ये नियमच आहे की क्लबची ५१ टक्के मतं सभासदांकडे पाहिजेत, त्यामुळे कोणी शेठ येऊन टीम विकत घेऊन दुसऱ्या शहरात नेऊ शकत नाही. पैसा येतो टीव्हीच्या वाट्यातून, तिकिटातून, स्पॉन्सरकडून. मोदो हे नावच मुळात तिथल्या लाकूड-कागदाच्या कंपनीचं, मो ओ दोमशो, तिचा हात डोक्यावर होता म्हणून क्लब मोठा झाला.

पण खरा माल म्हणजे पोरं. फोर्सबर्ग आणि नेसलुंड हे नावाजलेले खेळाडू दोघं तिथलेच, १९७३ च्या जुलैत दहा दिवसांच्या अंतराने जन्मलेले. मग सेडिन जुळे भाऊ, १९९९ ला एनएचएलच्या (अमेरिका-कॅनडाची मोठी आइस हॉकी लीग) ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवी पोरं निवडतात त्यात, दुसरा आणि तिसरा नंबर, दोघंही कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या टीमला. मग हेडमन, २००९ ला दुसरा. सगळे मोदोत खेळून गेलेले. ज्युनियरच्या मॅचला गेलात तर काउंटरवर कॉफी आणि सॉसेज विकणारे म्हणजे खेळणाऱ्या पोरांचे आईबाप, एक जण गल्ला सांभाळतोय आणि तिकडे त्याच्या पोराने गोल मारला की गिऱ्हाइकाला तसंच सोडून मैदानाभोवतीच्या काचेकडे पळतो 😄 सुट्टे पैसे नंतर.

तुकोगंजकर:
हे वाचून मला आपली होळकर टीम आठवली. चार वेळा रणजी जिंकली, ४५-४६ ते ५२-५३ मध्ये, तेव्हा इंदूर काय मुंबईएवढं होतं का? पण आपलं गणित उलटं होतं. सी. के. नायडू नागपूरचे, निंबाळकर कोल्हापूरचे, महाराजांनी बाहेरून माणसं आणून इथे ठेवली, घरचे म्हणाल तर मुश्ताक अली. संस्थान गेलं आणि १९५५ नंतर होळकर नावाची टीमच राहिली नाही. त्या ओविकवाल्यांकडे महाराज नव्हतेच, तर जाणार कोण?

बडोदेकर:
तुकोगंजकर साहेब, राजाश्रय गेला की टीम गेली हे इंदूरचं झालं हो. आमच्या बडोद्याने ५७-५८ ला पण रणजी काढलीये आणि २०००-०१ ला पण. आणि ते पोरांचं कौतुक ठीक आहे पण मोठे झाले की सगळे अमेरिका-कॅनडाला, मग क्लबच्या हातात काय? भावनेवर बर्फ जमत नाही, कंप्रेसरचं बिल येतं.

बर्फातला_भिया:
बडोदेकर बरोबर बोलले आणि काकांच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पण तेच. पोरगं तयार होतं तेव्हाच उडून जातं, एनएचएलकडून क्लबला भरपाई मिळते पण फोर्सबर्ग थोडीच परत मिळतो. म्हणजे एकदा मिळाला होता, २००४-०५ ला एनएचएलमध्ये मालक-खेळाडूंच्या भांडणात पूर्ण सीझन बुडाला तेव्हा फोर्सबर्ग, नेसलुंड, दोन्ही सेडिन असे सगळे घरी येऊन मोदोकडून खेळले. तरी कप नाहीच मिळाला, तो गेला गोथेनबर्गच्या फ्रोलुंडाला!

आता खाली जाण्याचं. लीगमध्ये १४ टीम, प्रत्येकी ५२ मॅच, शेवटच्या दोघांची आपसात सिरीज, सातपैकी चार जिंकेल तो वाचला, हरेल तो खाली. २०२५ ला मोदो तिथेच एचव्ही७१ नावाच्या टीमकडून हरले. २०१६ ला पण गेले होते, ते लेक्सांड गावच्या टीमकडून हरून, आणि वर यायला २०२३ उजाडलं. खाली गेलं की टीव्हीचा पैसा आटतो, चांगले खेळाडू करार संपवून निघतात, आणि तुमचं स्टेडियम मात्र साडेसात हजाराचंच राहतं, ते तर भरायचंय. माझ्या मते सगळ्यात वाईट चूक तीच असते की एक सीझन वाचायला घाईघाईत बाहेरचे महागडे खेळाडू आणतात आणि घरची १८-१९ वर्षांची पोरं बाकावर बसवतात.

बाय द वे लेक्सांड तर अजून लहान, वस्ती सहा हजार आणि स्टेडियम साडेसात हजारांवर. अख्खं गाव आत बसवलं तरी खुर्च्या उरतील.

सुदामानगरवाला:
वा, डोकं जरा उघडलं. मुलाला विचारलं तर म्हणतो बाबा पुरुषांची टीम खाली गेली असेल पण मोदोची मुलींची टीम वरच्याच लीगमध्ये आहे, आता त्यांची मॅच बघायला जायचंय, बसचे पैसे टाका. पैसे मागायला कारण बरोबर सापडतं याला.