सिंहगडाच्या ट्रॅकवर मधेच सरळ रेघ का येते?

गडवाट: पायथ्याच्या आतकरवाडीतून चढताना चाललेली वाट नोंदवणारं अ‍ॅप चालू करून फोन खिशात टाकला, की नकाशावरची वळणं गायब आणि थेट रेघ. अंतर कमी, चढाई मात्र भलतीच जास्त. फोन अँड्रॉइड. काय बघायचं?

भटक्या: स्क्रीन बंद झाल्यावर फोन अ‍ॅपला झोपवतोय. सेटिंग्ज, अ‍ॅप्स, तुमचं अ‍ॅप, बॅटरी, तिथे 'अनरिस्ट्रिक्टेड' करा. बॅटरी सेव्हर बंद, लोकेशनमध्ये 'प्रिसाइज' चालू. काही फोनांत 'ऑटोस्टार्ट' वेगळं असतं, तेही द्या. सिस्टीम अपडेटनंतर हे सगळं एकदा तपासाच.

सह्यवारा: आणि स्टार्ट दाबायची घाई नको. मोकळ्या आभाळाखाली थांबून नकाशावर तुमच्या ठिपक्याभोवतीचं वर्तुळ आक्रसू द्या, म्हणजे जागा नेमकी सापडली. जागा काढायला लागणारी आपल्या कक्षेची माहिती जीपीएसचा उपग्रह दर ३० सेकंदांनी पुन्हा पाठवतो. नेट असेल तर फोन ती आधीच उचलतो. म्हणून पायथ्याला रेंज असतानाच सुरू करा. नंतर एअरप्लेन मोड टाकला तरी जीपीएस चालतं, फक्त नकाशा आधी उतरवून ठेवा.

गडवाट: बरं. आणि चढाईचा आकडा?

भटक्या: फोनात बॅरोमीटर, म्हणजे हवेच्या दाबावरून उंची काढणारा सेन्सर, नाही बहुतेक. मग उंची जीपीएसवरून येते, आणि ती आडव्या जागेपेक्षा जास्त चुकते. ताकाला थांबलात तरी आकडा वरखाली नाचतो, अ‍ॅप ते सगळं बेरजेत धरतं. ऑटो-पॉज लावा, म्हणजे तुम्ही थांबलात की नोंदही थांबते. उंची दुरुस्तीची सोय असेल तर घरी आल्यावर वापरा. ती भूप्रदेशाच्या नकाशावरून उंची घेते. कड्यालगत तीही थोडी गंडते.