टिप्पर सोडून रेल्वेच्या डिझेल इंजिनाचं काम शिकायचं हाय, वय २८, जमंन का?

टिप्परवाला_वणी:
राम राम मंडळी. मी वणी साइडचा, कोळशाच्या टिप्परवर हाय. दहावी पास, हेवी लायसन्स, ओबीसी. गाडीचं बारीकसारीक काम मीच करतो, फिल्टर बदलवणं, डिझेल लाइनीतली हवा काढणं, ब्रेक सेट करणं, नोझल खोलून पंपवाल्याकडे नेऊन देणं, रस्त्यात बंद पडली तं मेकॅनिकची वाट पाहत बसत नाही. पण आता कंबर बोलून रायली, रात्रपाळी, धूळ, वरून मालक डिझेलचा हिशोब थेंबाथेंबाचा मांगते. सायडिंगवर, म्हंजे कोळसा भरायच्या रेल्वे लाइनीवर, मालगाडीचा रॅक भरते तवा डिझेल इंजिन उभं असते, मी दरवेळी त्याच्यापाशी जाऊन पाहतच रायतो. तं लोको, म्हंजे रेल्वे इंजिन, त्याच्या डिझेलचा मेकॅनिक व्हाले आयटीआय कराच लागते का? डिझेल मेकॅनिक ट्रेड घेऊ का फिटर? ट्रकचा अनुभव रेल्वे धरते का? अन् गावातला एक जण म्हणते साडेतीन लाख दे, इंजिन दुरुस्तीच्या शेडमध्ये चिकटवून देतो, असं होते का?

लोकोशेडवाला:
शेवटचं आधी सांगतो, एक रुपया पण देऊ नको. टेक्निशियनची, म्हणजे रेल्वेतल्या मेकॅनिकची, भरती आरआरबीच्या (रेल्वे भरती बोर्ड) कॉम्प्युटर परीक्षेतूनच होते, पैसे घेऊन बनावट जॉइनिंग लेटर हातात देणारे लय फिरतात.
ट्रकचा अनुभव भरतीत धरत नाहीत. टेक्निशियन ग्रेड ३ ला दहावी आणि ठरलेल्या ट्रेडमधला आयटीआय लागतो. २०२५ च्या जाहिरातीत वय १८ ते ३० होतं, ओबीसीला ३ वर्ष सूट, म्हणजे तुला ३३ पर्यंत. मूळ पगार १९,९०० पासून. पेपर १०० मार्कांचा, ९० मिनिट, त्यात ४० सायन्सचे, गणित २५, बुद्धिमत्ता २५, जीके १०, एक चुकलं की १/३ मार्क कटतो. मराठीत देता येतो.
आता ट्रेडचं. डिझेल मेकॅनिक एक वर्षाचा, फिटर आणि इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे. मन डिझेलवर आहे ते समजलं, पण आपल्याकडची लाइन जवळपास सगळी इलेक्ट्रिक झाली, नागपूरच्या अजनीचा शेड इलेक्ट्रिक इंजिनांचा, भुसावळचा पण तोच. डिझेल शेड म्हणशील तर पुणे, कल्याण, कुर्ला. बिहारच्या मढौऱ्यात बनणारी नवीन डिझेल इंजिनं तर रोजा आणि गांधीधामला मेंटेन होतात. फिटर घे, डिझेलला पण चालतो आणि डबे-वॅगनच्या कामाला पण चालतो. बडनेऱ्याला वॅगन रिपेअरचा कारखाना झालाच आहे.

सायडिंग_लोको:
वरचे दादा बरोबर बोलून रायले पण ते सरकारी चष्म्यातून. २८ चा माणूस दोन वर्ष फिटर करंन, मंग जाहिरातीची वाट पाहंन, तोपर्यंत ३१-३२ चा होते, एक नाहीतं दोन चान्स हातात. मी तं म्हणतो एक वर्षाचा डिझेल मेकॅनिक कर, तो टेक्निशियन डिझेल मेकॅनिकलला चालते अन् असिस्टंट लोको पायलटले, म्हंजे इंजिनच्या सहायक ड्रायव्हरलेही चालते, फक्त तिथं डोळे बिना चष्म्याचे एकदम चोख पायजे. अन् रेल्वेत नाही झालं तं औष्णिक केंद्र, सिमेंट कारखाने, कोळशाच्या सायडिंगी इथं शंटिंगले, म्हंजे डबे इकडून तिकडे लावाले, डिझेल इंजिन लागतेच. मी तेच करतो, ठेकेदाराकडे, पगार रेल्वेइतका नाही ते आधीच सांगून ठेवतो.
अन् ट्रकचा अनुभव कागदावर धरत नसतीन पण हाताले येते ना भाऊ. फक्त काही गोष्टी डोक्यातून काढा लागतीन. गिअरबॉक्स, क्लच काहीच नाही, इंजिन अल्टरनेटर फिरवते, त्या करंटवर चाकाच्या मोटरी चालते, म्हणून डिझेलवाल्याले पण वायरिंग यावं लागते. डब्ल्यूडीजी ४ म्हंजे मालगाडीचं डिझेल इंजिन, त्याचा एक सिलिंडर ११ लिटरच्या वरचा हाय, तुझ्या टिप्परचं अख्खं इंजिन त्यात मावंन, अन् असे १६. इंजिन बरंच बंद उभं असंन तं आधी सिलिंडरचे सगळे टेस्ट कॉक, म्हंजे छोटे व्हॉल्व्ह, उघडून फिरवा लागते, कोणत्या सिलिंडरमधून पाणी उडालं तं तिथंच थांबायचं, नाहीतं पाणी दबत नाही अन् रॉड वाकते. ब्रेकचं उलटं हाय. तुझ्या गाडीत पॅडल दाबलं की हवा चेंबरमध्ये जाते अन् ब्रेक लागते, इथं ब्रेक पाइपात ५ किलो दाबाची हवा भरून ठेवाची, ती कमी केली की ब्रेक लागते. टिप्परच्या हँडब्रेकसारखं समज.

दारव्हा_कास्तकार:
आमच्याकडे शकुंतलेले, म्हंजे यवतमाळ-मूर्तिजापूरच्या छोट्या गाडीले, १९९४ मध्ये डिझेल लागलं तवा गावोगावचे पोट्टे डिझेल-डिझेल करत होते, आता ते इंजिनही नाही अन् गाडीही नाही. ट्रेडवर भांडा पण भाऊ, आयटीआय न करताही एक दार उघडं हाय, ते कोणी सांगतच नाही. ग्रुप डी, म्हंजे रेल्वेची सगळ्यात खालच्या पोस्टची भरती. २०२५ च्या सुरुवातीले जे फॉर्म भरले त्यात नुसती दहावी चालली, वय ३६ पर्यंत अन् त्यावर ओबीसीची सूट, पुढच्या वेळी तेच रायल असं धरू नोको. त्यात असिस्टंट लोको शेड डिझेल अशी पोस्टच असते. मूळ पगार १८,०००. आत गेलं की ट्रेड टेस्ट देऊन टेक्निशियन होता येते. पण मैदानी हाय बरं, ३५ किलो वजन घेऊन १०० मीटर २ मिनिटात, खाली न टेकवता, अन् १००० मीटर ४ मिनिट १५ सेकंदात. कंबर बोलून रायली म्हणतोस, म्हणून सांगतो.

टिप्परवाला_वणी:
वजनाचं जमंन, पळणं पाहा लागंन 😅 आयटीआय करताना टिप्पर रात्री चालवता येते का? घर चालवा लागते ना.

लोकोशेडवाला:
८० टक्के हजेरी लागते, रात्रभर गाडी चालवून सकाळी वर्कशॉपमध्ये ग्राइंडरपाशी झोप काढशील, नको. सुट्टीत आणि रविवारी बदली ड्रायव्हर म्हणून जा. लायसन्स मात्र रिन्यू ठेव. प्रवेश दहावीच्या निकालानंतर ऑनलाइन निघतात, वयाची वरची अट नाही. आणि ओबीसीचं नॉन क्रीमीलेअर सर्टिफिकेट सेंट्रलच्या फॉर्मॅटमधलं काढ, राज्याचं चालत नाही, इथंच अर्धी पोरं कागदपत्र तपासणीत अडकतात.
सायडिंगवाल्या भाऊंचं ऐकून घेतो, वय बघता एक वर्षाचा ट्रेड पण चुकीचा नाही.

टिप्परवाला_वणी:
मंग डिझेल मेकॅनिकचाच फॉर्म भरतो अन् ग्रुप डी आली की तेही. साडेतीन लाखवाल्याले आजच फोन करून नाही सांगतो.